आवाजाने फाइल उघडायची तर आधी तिला हाक मारता येईल असे नाव द्या

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात अनेक वर्षे दिवाणजी म्हणून काम पाहणाऱ्या एका गृहस्थांनी मला एक प्रश्न विचारला आहे. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात चालत नाही आणि डाव्या हाताला माउस वळत नाही. दुकानाच्या लॅपटॉपवर विंडोज 11 आहे. तर नुसते तोंडाने सांगून फाइल व फोल्डर शोधता आणि उघडता येतील का, ते मराठीत जमेल का, आणि त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते असे त्यांना कोणीतरी सांगितले ते खरे आहे का, असे त्यांनी विचारले आहे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधले हिशेबही याच रीतीने उघडता येतील का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न. सांगली-मिरज भागात हाताने किंवा डोळ्यांनी अधू असलेल्या लोकांना संगणक शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत असल्यामुळे हे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

विकत काहीही घेऊ नका. आपल्या विंडोज 11 मध्येच ‘व्हॉइस ॲक्सेस’ नावाची सोय आहे आणि ती 2022 च्या आवृत्तीपासून मिळते. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि त्यात ‘स्पीच’ येथे जाऊन ती एकदा सुरू करावी लागते. पहिल्या वेळी ती भाषेची फाइल उतरवून घेते, तेवढ्यापुरते इंटरनेट हवे. पुढे बोललेले ओळखण्याचे काम आपल्याच यंत्रावर होते आणि नेट गेले तरी अडत नाही. आपल्याला ज्यांनी सल्ला दिला त्यांच्या मनात बहुधा जुना काळ असावा. सलग बोललेले टाइप करणारे ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग’ 1997 साली बाजारात आले आणि ते खरोखरच पैसे मोजून घ्यावे लागे. विंडोजमध्ये आवाज ओळखण्याची अंगभूत सोय ‘व्हिस्टा’पासून, म्हणजे 2007 पासून आहे, पण तिची सुरुवातच फजितीने झाली होती: 2006 च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टच्याच जाहीर प्रात्यक्षिकात ‘डिअर मॉम’ म्हटले तर पडद्यावर ‘डिअर आन्ट’ उमटले आणि दुरुस्त करायला जावे तसा मजकूर अधिकच बिघडत गेला. त्या जुन्या सोयीची जागा विंडोज 11 मध्ये आता व्हॉइस ॲक्सेसने घेतली आहे आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुकानात विंडोज 10 चा एखादा संगणक असेल तर मात्र त्यावर हे मिळणार नाही.

मराठीचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते, कारण हुकूम देणे आणि मजकूर सांगणे ही दोन निराळी कामे आहेत आणि विंडोजमध्ये ती दोन निराळी यंत्रे करतात. व्हॉइस ॲक्सेसला हुकूम मराठीत देता येत नाहीत. त्याच्या भाषांत मराठी नाही; मात्र ‘इंग्लिश, इंडिया’ आहे आणि तीच निवडावी, कारण आपल्या वळणाचे इंग्रजी उच्चार ती अमेरिकन इंग्रजीपेक्षा पुष्कळ बऱ्या रीतीने ओळखते. हुकुमांपुरते इंग्रजी फार लागत नाही. माझ्याकडे शिकायला आलेल्या कवठेमहांकाळच्या एका आजोबांना, ज्यांची शाळा चौथीत सुटली होती, पंधरा-वीस शब्दांवर सगळे काम करता येऊ लागले. मजकूर सांगण्याचे दुसरे यंत्र म्हणजे ‘व्हॉइस टायपिंग’, जे विंडोजची कळ आणि एच एकत्र दाबल्यावर उघडते. त्याला मराठी येते, आणि चांगले येते, परंतु त्याला इंटरनेट सतत लागते आणि ते फाइल उघडणे वगैरे काही करीत नाही. कर्सर जिथे असेल तिथे बोललेले टाइप करणे एवढेच त्याचे काम.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आवाजाने फाइल सापडत नाही अशी तक्रार घेऊन येणारा प्रत्येक जण माइकला किंवा स्वतःच्या उच्चाराला दोष देतो, आणि मी पाहिलेल्या बहुतेक वेळा दोष फाइलच्या नावाचा असतो. आपल्या हरिपूरला हळदीची पेवे, म्हणजे हळद साठवण्याची जमिनीखालची कोठारे, होती, 2005 च्या महापुरात त्यांतली पुष्कळ खचली. वरून पाहणाऱ्याला ती नुसती जमीन दिसायची. कोणत्या पेवात कोणाची हळद आहे हे दिवाणजीला ठाऊक असे म्हणून व्यवहार चाले. बहुतेक दुकानांतल्या संगणकांची स्थिती आज तशीच आहे. ‘न्यू फोल्डर’, त्यात ‘न्यू फोल्डर 2’, त्यात व्हॉट्सॲपवरून आलेली, तारीख आणि वेळ एवढेच नाव असलेली चित्रे, स्कॅनरने स्वतःच दिलेल्या नावांच्या पावत्या. माउस हातात असतो तोवर माणूस डोळ्यांनी आणि सवयीने तिथपर्यंत पोहोचतो. माउस गेला, की जिला हाक मारता येईल असे नावच नसलेली वस्तू बोलावणार कशी?

म्हणून हुकूम शिकण्याच्या आधी नावे सुधारून घ्यावीत, आणि हे काम घरातल्या कोणा धडधाकट हाताच्या माणसाकडून एका सुट्टीच्या दिवशी करवून घ्यावे. रोज लागणारी फोल्डरे दहा-बारांपेक्षा जास्त नसतात. तेवढ्यांचीच नावे बदलली तरी पुरते. इंग्रजी ओळखणाऱ्या यंत्राला ळ आणि ल, ट आणि त, ण आणि न यांतला फरक कळत नाही, हे ध्यानात ठेवून नावे निवडावीत. ‘हळद’ म्हटले की माझ्या यंत्रावर कधी ‘हॅलो’ उमटते तर कधी ‘हॉल्ड’. ‘हल्दी’ म्हटले तर बहुधा बरोबर येते आणि ‘टर्मरिक’ म्हटले तर चुकतच नाही. शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाला आपण ‘पट्टी’ म्हणतो, पण यंत्राला ते ‘पार्टी’ किंवा ‘पॅटी’ ऐकू येते, म्हणून त्या फोल्डरचे नाव ‘फार्मर बिल’ ठेवावे, जरी ते कानाला परके वाटले तरी. हमाली, तोलाई आणि बारदान या तिन्हींचा खर्च वेगवेगळ्या फोल्डरांत असेल तर त्यांची नावे एकमेकांशी न जुळणारी आहेत ना, एवढे पाहावे. ‘बिल’ आणि ‘बील जुने’ अशी जोडी कधीही ठेवू नये. तारीख घालायची असेल तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस अशी घालावी, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. तारखेतली तिरकी रेघ विंडोज नावात घेत नाही, तिथे आडवी रेघ वापरावी.

नावे लागली की रोजचा क्रम सोपा आहे. ‘ओपन फाइल एक्सप्लोरर’ म्हणावे, खिडकी उघडते. मग ‘शो नंबर्स हिअर’ म्हणावे. उघड्या खिडकीतल्या प्रत्येक फोल्डरावर, फाइलवर आणि बटणावर लहानसा आकडा उमटतो. समजा ‘टर्मरिक 2024’ या फोल्डरावर 14 आला, तर ‘डबल क्लिक फोर्टीन’ म्हणताच ते उघडते. हे आकडे म्हणजे या सगळ्या सोयीचा प्राण आहे, कारण नाव मराठीत असो, चुकीचे लिहिलेले असो किंवा उच्चारता न येणारे असो, आकडा कोणालाही म्हणता येतो. नाव साधे असेल तर आकड्यांची गरजही नसते. ‘डबल क्लिक टर्मरिक’ एवढे पुरते. एक गैरसोय सांगून ठेवतो: ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फोर्टीन’ आणि ‘फोर्टी’ यांत यंत्राचा घोटाळा होतो. शेवटचा ‘न’ जरा रेटून उच्चारावा, किंवा फाइली नीट वाटून एका फोल्डरात थोड्याच ठेवाव्यात, म्हणजे आकडेही कमी उमटतात. दुसरी सोय यापेक्षाही उपयोगी वाटते. ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये एका क्लिकने उघडण्याचा पर्याय असतो, तो निवडला की ‘डबल’ हा शब्द म्हणावा लागत नाही, ‘क्लिक फोर्टीन’ एवढेच. अधू हाताच्या माणसाने हा पर्याय का निवडू नये, हे मला आजवर कळलेले नाही, आणि तरी तो बदलून दिलेला संगणक मी क्वचितच पाहिला आहे.

एका फोल्डरातून वरच्या फोल्डरात परत यायचे असेल तर ‘प्रेस ऑल्ट अप ॲरो’ म्हणावे. यादी लांब असेल तर ‘स्क्रोल डाउन’. इंग्रजी नावांची यादी असेल तर ‘प्रेस टी’ म्हटल्यावर टी अक्षराने सुरू होणारी पहिली फाइल निवडली जाते, मग ‘प्रेस एंटर’. काय म्हणावे ते आठवेनासे झाले तर ‘व्हॉट कॅन आय से’ म्हणावे, सगळ्या हुकुमांची यादी उघडते. सुरुवातीचे पंधरा दिवस ती यादी छापून पडद्याशेजारी चिकटवावी.

काही फोल्डरे दिवसातून दहा वेळा लागतात, त्यांच्यासाठी व्हॉइस ॲक्सेसमध्ये ‘व्हॉइस शॉर्टकट’ आहेत. ते इंग्रजी भाषेसाठीच मिळतात, आपण ‘इंग्लिश, इंडिया’ निवडलेली असल्याने आपल्याला मिळतील. ‘क्रिएट व्हॉइस शॉर्टकट’ म्हटले की एक चौकट उघडते. तीत आपण म्हणणार तो शब्द लिहायचा आणि त्या शब्दावर काय व्हावे ते निवडायचे, फोल्डर उघडावे, फाइल उघडावी, अमुक मजकूर चिकटवावा किंवा अमुक कळ दाबावी. शब्द रोजच्या बोलण्यात न येणारा असावा. ‘आजचा भाव’ असा शॉर्टकट केला तर हळदीच्या सौद्यात तो दिवसभर सुटत राहील. मी एका दुकानात ‘ओपन पीकॉक’ म्हटल्यावर आजच्या आवकेची एक्सेल शीट उघडेल असे करून दिले. दुकानातली पोरे पहिले दोन दिवस हसली, पण तो शब्द आजवर चुकून सुटलेला नाही.

आता शोधण्याविषयी. फाइल कुठे ठेवली हेच आठवत नाही, तेव्हा एक्सप्लोररमध्ये ‘प्रेस कंट्रोल एफ’ म्हणावे, कर्सर शोधाच्या चौकटीत जातो, आणि ‘टाइप’ म्हणून पुढे नाव सांगावे. नाव देवनागरीत असेल तर इथे व्हॉइस ॲक्सेसला झोपवून मराठी व्हॉइस टायपिंगला बोलवावे लागते. ‘व्हॉइस ॲक्सेस स्लीप’ म्हटले की ते ऐकणे थांबवते. मग कीबोर्डची भाषा मराठी करावी आणि विंडोज व एच या कळा दाबाव्यात. एका हाताने दोन कळा एकदम दाबता येत नसतील तर शिफ्टची कळ पाचदा दाबून ‘स्टिकी कीज’ सुरू करावी, म्हणजे आधी विंडोजची कळ दाबून सोडली आणि मग एच दाबला तरी चालते. आता ‘कवठे एकंद पावती’ असे स्वच्छ मराठीत म्हणा, चौकटीत तसेच उमटेल. काम झाल्यावर ‘व्हॉइस ॲक्सेस वेक अप’. हा खटाटोप वाटतो खरा, पण पंधरा वर्षांपूर्वीच्या करारनाम्याची फाइल अशी सापडताना पाहिली की माणूस तक्रार करीत नाही.

शोध रिकामा येतो तेव्हा फाइल हरवली असे समजू नये. कारणे तीन असतात आणि तिन्ही आपल्या भागात सर्रास आढळतात. पहिले असे की, संगणक बसवून देणारा मनुष्य दुकानाचे सगळे काम डी ड्राइव्हवर ठेवतो, आणि विंडोजची शोधसूची मुळात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स अशा ठरावीक जागांचीच केलेली असते. डी ड्राइव्हवरचा शोध मग संथ चालतो आणि फाइलच्या आतला मजकूर तो सहसा पाहत नाही. सेटिंग्जमध्ये ‘सर्चिंग विंडोज’ येथे जाऊन डी ड्राइव्ह त्या सूचीत घालावा. सूची तयार व्हायला काही तास लागतात, संगणक रात्रभर चालू ठेवावा. दुसरे कारण लिखाणाचे. एकाने ‘हिशेब’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘हिशोब’, तर यंत्राच्या लेखी ते दोन परके शब्द आहेत. दुकानात एकच रूप ठरवावे. तिसरे कारण सर्वांत चिवट आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच संकेतपद्धत, रुळण्यापूर्वीची आपली मराठी पत्रे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. पडद्यावर ती मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात, वर नुसता देवनागरीचा मुखवटा. ‘हळद’ शोधले तर तिथे ‘हळद’ नसतेच. अशा पत्रांचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे, आणि तेवढी सवड नसेल तर निदान फाइलचे नाव तरी नीट द्यावे, म्हणजे नावावरून सापडेल. स्कॅन करून ठेवलेल्या सातबाऱ्यांचेही तसेच: ते चित्र आहे, त्यात शोधण्याजोगे अक्षर नाही, नावावरच भिस्त.

माइकविषयी थोडक्यात. लॅपटॉपचा स्वतःचा माइक यार्डात कुचकामी आहे, कारण त्याला सौद्याचा गलका आणि आपला आवाज सारखाच. तोंडाजवळ दांडी येते असा साधा यूएसबी हेडसेट घ्यावा. ओरडू नये, ओरडल्याने उच्चार बिघडतो. दोन शब्दांच्या मध्ये थांबू नये, पण हुकूम देण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

माइक उघडा राहण्याचा धोका मात्र विस्ताराने सांगायला हवा, कारण त्यात मी स्वतः फसलो आहे. मिरजेत एका वर्गात मी फोल्डरचे नाव बदलून दाखवीत होतो. ‘प्रेस एफ टू’ म्हटले, नाव बदलण्याची चौकट उघडली, आणि तेवढ्यात दारातून कोणीतरी विचारले, “सर, चहा सांगू का?” पडद्यावर फोल्डरचे नाव झाले ‘चार सांगो कार’. सगळे हसले, मीही हसलो, आणि हसण्याच्या नादात ‘प्रेस एंटर’ म्हणून गेलो. ‘प्रेस कंट्रोल झेड’ने ते लगेच परत आले, पण तिथे नाव बदलण्याऐवजी काही पुसले जाणार असते तर? तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. कोणी बोलायला आले की आधी ‘व्हॉइस ॲक्सेस स्लीप’, मग नमस्कार. आणि फाइल शोधताना ‘कमांड्स मोड’ म्हणून ठेवावे, म्हणजे हुकुमाव्यतिरिक्त बोललेले काहीही टाइप होत नाही. लिहायचे असेल तेव्हाच ‘डिफॉल्ट मोड’. ‘डिलीट’ म्हणून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये सापडते, पण शिफ्टसह डिलीट हा हुकूम आवाजाने कधीही देऊ नये. शिवाय मराठी व्हॉइस टायपिंगचा आवाज इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातो, हे लक्षात ठेवून बँकेचे खाते क्रमांक आणि पासवर्ड त्यात बोलू नयेत.

शेवटी टॅली. टॅली आपला पडदा स्वतःच्या पद्धतीने रंगवत असल्यामुळे ‘शो नंबर्स’ म्हटल्यावर तिच्या आतल्या ओळींवर आकडे उमटतील यावर विसंबू नये. पण टॅली मुळात कळांवर चालणारी आहे, आणि कळ दाबायला व्हॉइस ॲक्सेस तयारच असते. टॅलीप्राइममध्ये ‘प्रेस ऑल्ट जी’ म्हटले की ‘गो टू’ची चौकट येते, तीत ‘टाइप लेजर’ किंवा ‘टाइप स्टॉक’ असे म्हणून ‘प्रेस एंटर’ म्हणावे. खातेदारांची नावे मराठी गावांची आणि माणसांची असल्यामुळे यंत्र ती चुकवते, म्हणून प्रत्येक लेजरला, म्हणजे खात्याला, आकडी टोपणनाव द्यावे. टॅलीत त्याला ‘एलियास’ म्हणतात. आकडा सांगितला की खाते उघडते, आणि खातेपान क्रमांकाने खाते काढण्याची सवय आपल्याला वहीच्या काळापासून आहेच. एवढे मात्र करू नका: टॅलीचा डेटा ज्या फोल्डरात असतो, जिथे नुसत्या आकड्यांच्या नावांची फोल्डरे दिसतात, ती नावे ओबडधोबड वाटली तरी वर सांगितल्याप्रमाणे बदलायला जाऊ नका. त्याच आकड्यांवरून टॅली आपली कंपनी शोधते. त्या फोल्डरावर व्हॉइस शॉर्टकटही ठेवू नका, आणि बॅकअप रोज संध्याकाळी मुलाच्या हाताने घ्या.